स्लीपिंग बॅगची खोळ

प्रश्न: डिसेंबरात कालानंदीगडावर मुक्काम करायचा आहे. स्लीपिंग बॅग आणि जाड जाकीट दोन्ही सॅकमध्ये मावत नाहीत. जाकीट घरी ठेवून संध्याकाळी बॅगच पांघरून बसलं तर? (एक वाचक, खानापूर)

उत्तर: चालेल. धनगर घोंगड्याची खोळ करून दिवसभर हिंडतात आणि रात्री तेच पांघरतात. तुमची बॅग मात्र पायापर्यंत पूर्ण चेन उघडणारी, चौकोनी हवी. पायाकडं निमुळती असेल तर ती नीट पांघरता येत नाही.

उघडलेली बॅग डोक्यावरून घ्या, खालचा भाग गुडघ्यापर्यंत दुमडा आणि कमरेला नाडी बांधा, पण सैल. ऊब भरणात अडकलेल्या हवेची असते. करकचून आवळलं की हवा गेली, ऊबही गेली.

हात मोकळे हवे असतील तर जुन्या सिंथेटिक बॅगेला गळा करा. दोन मीटर लांबीच्या बरोबर मध्यावर, लांबीच्या दिशेनं 35 सेंमीची रेघ आखा. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक सेंमीवर आधी शिलाई मारा, मगच मधून कापा. आधी कापलंत तर भरण सरकतं आणि गळ्याशी नुसतं कापड उरतं. कडांना पट्टी लावून पाच-सहा टिचबटणं बसवा. आतून दहा सेंमी रुंदीची, भरण असलेली झडप शिवा, नाहीतर रात्री छातीवर गार झोत येतो. घातल्यावर पुढं-मागं एकेक मीटर, म्हणजे साधारण गुडघ्यापर्यंत येईल.

गडावर पोचल्याबरोबर ओला बनियन बदला. घाम बॅगेत मुरला तर रात्री तुम्हीच कुडकुडाल. चुलीपाशी बॅग काढून नुसता विंडचीटर घालून बसा, ठिणगीनं बॅगेला भोक पडतं (विंडचीटरही नायलॉनचाच, पण त्याला भोक पडलं तरी झोप जात नाही). दव पडू लागलं की उघड्यावरून उठा.

जाकीट घालून झोपायची सवय असेल, तर आता ती जादा ऊब मिळणार नाही. म्हणून बॅगेवरचा ‘कम्फर्ट’ आकडा (ज्या तापमानापर्यंत आरामात झोप लागते तो) बघा, ‘लिमिट’ (जेमतेम निभावतं तो) नव्हे. पहाटे चालायला एक पातळ स्वेटर लागेलच.

प्रश्न: पिसांच्या बॅगेलाही असाच गळा करता येईल का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर: घरी नको. सुईच्या भोकांतूनही पिसं निघतात. ती नुसती पांघरा, आणि दवापासून दुप्पट जपा: भिजलेली पिसं गोळा होतात, मग ऊब जवळजवळ उरत नाही.