रिडिम म्हणजे ताल नव्हे

प्रश्न : जमैकन गायक शॉन पॉलचं 'गेट बिझी' हे 'दिवाली रिडिम'वरचं गाणं म्हणतात. रिडिम म्हणजे तालच ना? आणि दिवाली कुठून आली?

उत्तर : ताल नव्हे, ठेका नव्हे, रीमिक्स तर मुळीच नव्हे. 'वेन वंडर या गायकाचं म्युझिक शॉन पॉलनं ढापलं' हे ऐकून ऐकून कान किटले. जमैकाच्या डान्सहॉल नावाच्या नाचाच्या संगीतात रिडिम म्हणजे बास, ड्रम, सुरावट यांची आधीच बांधून ठेवलेली अख्खी साथ. तिला स्वतःचं नाव असतं आणि जो तो तिच्यावर आपापले शब्द घेऊन येतो. स्टीव्हन 'लेंकी' मार्सडेनच्या 'दिवाली' या टाळ्यांच्या रिडिमवर वेन वंडर 'नो लेटिंग गो' गायला, बाउंटी किलर गायला, एलिफंट मॅन गायला; न्यूयॉर्कच्या लुमिडीचं 'नेव्हर लीव्ह यू'ही त्यावरचंच. 'गेट बिझी' 2003 मध्ये बिलबोर्डच्या यादीत पहिलं आलं. यात चोरी कसली?

'चाल' म्हणा, असं सुचवणारे जाणकारही घसरतात. 'सुखकर्ता' आणि 'लवथवती' एकाच चालीवर म्हणतो, तेव्हा सामाईक असते ती गळ्याची चाल. रिडिमवर नेमकी तीच प्रत्येकाची वेगळी.

आता खरी गंमत. इंग्रजी 'रिदम'मधल्या 'द'चा पात्वात, म्हणजे जमैकाच्या बोलीत, 'ड' होऊन 'रिडिम' बनतो, जसं 'दॅट'चं 'डॅट'. हा अपभ्रंश नाही, नियम आहे. पण 'रिदम' मुळात आपलं 'ऋतम्' हो, म्हणणाऱ्यांना हात जोडतो! शब्द ग्रीक आहे, ऱ्हुथ्मॉस. संस्कृतात शब्दारंभी 'स्र' असतो तिथे ग्रीकमध्ये 'ऱ्ह' येतो, म्हणून 'ऱ्हेओ' (वाहणे) हे क्रियापद आपल्या 'स्रवणे'चं भावंड. ऋताचा इथे संबंधच नाही.

मग 'रिदम म्हणजे प्रवाह, समुद्राच्या लाटा' हे पाठ्यपुस्तकी काव्य? तेही फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेनव्हेनिस्तनं 1951 मध्येच मोडीत काढलंय. जुन्या ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ आकार, घडण. अणुवादी डेमोक्रिटसच्या बोलीत तो 'ऱ्हुस्मॉस' होता. ॲरिस्टॉटल तो समजावताना ए आणि एन या अक्षरांचं उदाहरण देतो, की दोघांत फरक आहे तो आकाराचा. नाचाच्या हालचालींना हा शब्द प्लेटोनं लावला, तिथून लय वगैरे पुढचं सगळं. म्हणजे रिडिमनं हा शब्द पुन्हा घडणीपाशीच आणून सोडला, असं माझं ठाम मत. कोशकार हसतात, हसू देत. 1985 चं 'स्लेंग टेंग' हे रिडिम तर कॅसिओच्या छोट्या कीबोर्डातल्या तयार नमुन्यातून निघालं. त्यात प्रवाह कुठला, निव्वळ घडण! प्रतिशब्द हवाच असेल तर 'बांधणी' म्हणा.

हां, दिवाली. नाव आपल्याच सणाचं. पण म्हणून त्या टाळ्यांत केहरवा शोधत बसू नका.