व्हिस्कीतलं ‘नीट’ कुणाचं?

खानापूरच्या एका वाचकांनी विचारलं आहे : “बारमध्ये ‘व्हिस्की नीट घेतो’ म्हणतात, त्यातलं ‘नीट’ मराठी की इंग्रजी? इंग्रजी असेल तर मराठीत काय म्हणावं? ‘निर्जल’ चालेल का?”

आधी राग काढून घेतो. हल्ली बेळगावात कुठल्याही बारमध्ये बसा, शेजारच्या टेबलावरून हमखास ऐकू येतं : “एक नीट दे, खरं दोन बर्फ टाक.” (परगावच्या वाचकांसाठी : आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’.) नीट म्हणजे पेल्यात व्हिस्की आणि फक्त व्हिस्की. पाणी नाही, सोडा नाही, आणि बर्फ तर नाहीच, कारण बर्फ म्हणजे पाणीच, जरा उशिरा पोचणारं. दुसरी एक जात ‘नीट भर की रे’ म्हणते. तिला ‘हात न आखडता भर’ म्हणायचं असतं. नवा पोऱ्या बिचारा सोडा परत घेऊन जातो आणि मग भांडण. पाटी कन्नडात, मेनू इंग्रजीत, भांडण मराठीत, अशी आमची वाटणी आहे.

आता इंग्रजी ‘नीट’. लॅटिनमध्ये ‘नितिदुस’ म्हणजे चकचकीत, स्वच्छ. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला, ‘स्वच्छ’चा ‘बिनभेसळीचा’ झाला आणि दारूला चिकटला. याच नितिदुसचं दुसरं पोर म्हणजे ‘नेट’, आपण ‘नेट वजन’ म्हणतो ते. म्हणजे नव्वद मिलीच्या टेट्रापॅकवर ‘नेट’ छापलेलं असतं आणि आतला माल गिऱ्हाईक ‘नीट’ मागतो : सख्खे भाऊ, एक खोक्याबाहेर, एक खोक्यात. ‘व्हिस्की’ या शब्दाची जन्मकथा सांगत बसत नाही, ती प्रत्येक हौशी माणूस दुसऱ्या पेगला सांगतोच : गेलिक भाषेतलं ‘उश्के बाहा’, जीवनजल वगैरे. त्यातलं ‘उश्के’ आणि आपलं ‘उदक’ एकाच मुळाचे, एवढं मात्र सहसा कुणी सांगत नाही. पगारावर उदक सोडणे हा वाक्प्रचार त्या दृष्टीनं पुन्हा वाचावा.

खरी गंमत मराठी ‘नीट’मध्ये आहे. ‘नीट’ म्हणजे व्यवस्थित, हा अर्थ नंतरचा. मूळ अर्थ सरळ, न वाकलेला. पुण्यात पत्ता विचारला तर ‘सरळ जा’ म्हणतील. आमच्याकडं, आणि तिकडं कोल्हापूरपर्यंत, ‘ह्या रस्त्यानं नीट जावा’ म्हणतात. हा सल्ला वागणुकीबद्दलचा नाही, वळू नका एवढंच सांगणं. आता सरळ या अर्थाचं नातं शोधायला गोदावरीकाठी कशाला जायचं, मलप्रभा ओलांडली तरी पुरे. कन्नडात ‘नीळ’ म्हणजे लांब. ‘नीडु’ म्हणजे हात लांबवणं, पुढं करणं, त्यावरून देणं. ‘नेट्टगे’ म्हणजे सरळ, ताठ. तमिळात ‘नीट्टु’ म्हणजे ताणून लांब करणं. आपल्याला हवा तो ‘ट’ तिथं उघडा बसलेला आहे. जे लांब ताणलं ते सरळ झालं, जे सरळ ते बरोबर, जे बरोबर ते व्यवस्थित. माझ्या मते आपलं ‘नीट’ या घरचं आहे, आणि हे मत मी सोडणार नाही.

इथं संस्कृतवाले उठतात. एका व्याख्यानात एका विद्वानांनी ‘नीट’ थेट ‘नीती’तून काढून दाखवला, टाळ्याही घेतल्या. टाळ्यांनी ‘त’चा ‘ट’ होत नसतो. संस्कृत ‘वर्त्म’ची ‘वाट’ झाली ती मधल्या रफारामुळं. रफार ‘त’ला मागं ओढतो, मग ‘वट्ट’, मग ‘वाट’. ‘नीती’त रफार कुठाय? प्राकृतात नीतीची ‘णीइ’ होते, ‘त’ विरघळूनच जातो. उरलेल्या दोन स्वरांतून ‘ट’ कसा उगवला हे त्यांनी सांगितलं नाही, मीही सभ्यपणे विचारलं नाही. जे लोक मराठीतला प्रत्येक शब्द उत्तरेकडून आणलेला दाखवतात त्यांनी किटेल यांचा १८९४ चा कन्नड कोश एकदा तरी उघडून बघावा. मराठी संस्कृतीच्या तळाशी कानडी थर आहे असं मांडणारे शं. बा. जोशी याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांचं सगळं पटवून घ्यायला नको. खरं ‘हे शब्द आमचेच’ म्हणून छाती काढणाऱ्यांनी त्यांना टाळूनही चालणार नाही. माझ्या काही मित्रांना हे बोचतं. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे; शब्दांचा तरी दावा तिथं नेऊ नका.

आणि आता जो शब्द मला खरोखर नाचवतो तो : नीटनेटका. यातला ‘नीट’ वर सांगितला तो. ‘नेटका’ हा माझ्या हिशेबानं ‘नेट्टगे’चा भाऊ, ताठ, सरळ. म्हणजे एकाच कानडी घरातले दोन शब्द मराठीनं जोडून घेतले, जसे आपण ‘बाजारहाट’ जोडतो. आता इंग्रजीकडं बघा. तिथंही ‘नीट’ आणि ‘नेट’ एकाच बापाचे, नितिदुसचे. दोन कुळांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, तरी दोघांकडं तीच जोडी, जवळपास त्याच अर्थाची! यावरून एक शहाणा मला म्हणाला की नीटनेटका हा गोऱ्या साहेबांकडून आलेला शब्द असणार. साहेबानं बेळगावचा किल्ला घेतला १८१८ साली. समर्थ रामदास ‘आधी प्रपंच करावा नेटका’ असं सतराव्या शतकात दासबोधात सांगून गेले. समर्थांना हा शब्द कॅम्पातल्या कुठल्या सार्जंटनं दिला असेल, विचारून सांगा.

उलटी चूक बेंगळुरूत होते. तिथली मंडळी ‘नीटागि माडु’ म्हणतात, म्हणजे नीट कर, आणि त्यांना वाटतं आपण इंग्रजी बोलतोय. स्वतःच्या आजीचा दागिना परक्याचा समजून परत करणं म्हणतात ते हेच.

अमेरिकेत बिनपाण्याच्या व्हिस्कीला ‘स्ट्रेट’ही म्हणतात. स्ट्रेट म्हणजे सरळ, आणि सरळ म्हणजे आमच्या भागात नीट. तेव्हा खानापूरकर, तुम्ही टेबलावर ‘नीट’ म्हणालात तर इंग्रजी शब्द वापरलात की ‘स्ट्रेट’चं चोख मराठी केलंत, हे वेटरलाच काय, मलाही ओळखता येणार नाही. बिनधास्त म्हणा.

अर्थाला जागायचं तर मात्र दुसरी पंचाईत आहे. नीट म्हणजे बिनभेसळ. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीचा मोठा हिस्सा मळीच्या स्पिरिटचा असतो, त्यात थोडी माल्ट (मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की), रंग आणि वास. आमच्या ऊसपट्ट्यात चिक्कोडी-अथणीकडं गेलात तर मळीचा वास नाकाला ओळखीचा होतो. मळीपासून केलेल्या दारूला युरोपात व्हिस्की म्हणू देत नाहीत, तिथं धान्यच लागतं. ती ‘नीट’ मागणं म्हणजे शब्दाचा अपमान आणि घशाचाही. तीत सोडा घाला, खुशाल घाला. ‘स्कॉच’चंही तसंच : महाग ती स्कॉच नव्हे. स्कॉटलंडमध्ये गाळलेली आणि तिथंच ओकच्या पिंपात निदान ३ वर्षं मुरलेली ती स्कॉच. बेंगळुरूची अमृत सिंगल माल्ट २००४ मध्ये ग्लासगोला जाऊन विकली गेली, नाव कमावून आली, तरी ती स्कॉच नाही, आणि तिला त्याची गरजही नाही. ती मात्र नीट घ्यावी. मी स्वतः तीत चमचाभर पाणी घालतो, वास उघडतो. व्हिस्कीचं मिश्रण जुळवणारे जाणकारसुद्धा वास घेताना पाणी घालून तिच्यातलं अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास आणतात. म्हणजे नीट न पिणं हा काही अडाणीपणा नाही. नीट म्हणून बर्फ मागणं हा आहे.

‘चकणा’ म्हणणाऱ्यांबद्दल वेगळं लिहीन. चाखतात तो चखणा. चकणा तिरळं बघतो.

हां, ‘निर्जल’. नको. हा शब्द कुणीतरी परिभाषा समितीच्या थाटात सुचवलेला दिसतो. आपल्याकडच्या बाटलीवर अल्कोहोल ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे बाटलीतच निम्म्याहून जास्त पाणी. निर्जला एकादशीला उभा जन्म उपास केलेली आमची आत्या या शब्दावरून तुम्हाला घराबाहेर काढेल, आणि हिशेबानंही ती बरोबर ठरेल. ‘कोरडी’ही नको, तो प्रकार वाईनचा. ‘कच्ची’ म्हणतात ती हातभट्टीवाले. दुधाशिवायचा चहा जसा कोरा, तशी पाण्या-सोड्याशिवायची व्हिस्की कोरी. ‘एक कोरी नाइंटी’ म्हणून बघा. वेटर आधी वहीचं पान समजेल, दुसऱ्या वेळी बरोबर आणेल. बर्फ हवा असेल तर ‘बर्फ घालून’ म्हणा.