बॅले नर्तकीची मंचावर छाप कशामुळे पडते?

नजर, खांदे आणि श्वास यांमुळे. उंच उडी किंवा जास्तीच्या गिरक्या यांमुळे नव्हे. खांदे-मानेच्या वळणाला बॅलेत ‘एपोलमाँ’ म्हणतात: शरीर तिरकं, एक खांदा किंचित पुढे, डोकं त्याच्यावरून वळलेलं. ते नसेल तर अचूक पावलंही कवायत वाटतात. नजर बोटांच्या पलीकडे, थेट वरच्या सज्जापर्यंत जायला हवी. वर्गात रोज आरसा समोर असतो. मंचावर तो नसला की डोळे जमिनीकडे वळतात आणि मागच्या रांगांना चेहराच दिसत नाही. श्वास सुराच्या किंचित आधी घ्यावा, म्हणजे हात संगीतातूनच उचलल्यासारखा वाटतो. ‘स्लीपिंग ब्यूटी’ या बॅलेतल्या (१८९०) ‘रोझ अडाजिओ’ या संथ नृत्यात राजकन्या अरोरा एका पायाच्या टोकावर उभी राहून ४ राजपुत्रांचे हात एकेक करून धरते नि सोडते. नवा हात घेताना ती त्या राजपुत्राकडे पाहते, की नुसता आधार चाचपडते, हे प्रेक्षकाला लगेच कळतं. अर्थात, तोल पक्का नसेल तर नजर मोकळी राहतच नाही. आणि हे सगळं एकल भूमिकांसाठी; समूहात एकीची मान जरी वेगळी वळली तरी अख्खी रांग विस्कटते.