पॅरालीगल कोर्ससाठी सोनं गहाण ठेवू नका

प्रश्न : मुलगी यंदा बी.ए. झाली, ५८ टक्के. तिला एलएलबी करायचं आहे, पण तीन वर्षं फार होतात, आम्ही स्थळं बघायला सुरुवात केली आहे. एका खासगी संस्थेचा सहा महिन्यांचा ऑनलाइन पॅरालीगल (म्हणजे वकिलाच्या मदतनिसाचा) सर्टिफिकेट कोर्स आहे, फी ८५ हजार. कोर्टात काम करता येईल, लॉ फर्ममध्ये नोकरी लागेल असं ते सांगतात. पाच हजार भरून जागा राखली आहे. बाकीच्यासाठी सोनं गहाण ठेवावं का? – एक पालक, लातूर जिल्हा

उत्तर : नाही. सोनं घरातच राहू द्या आणि उरलेली फी भरू नका.

मला तुमच्या पत्रात फीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटली. ‘तिला एलएलबी करायचं आहे’ असं तुम्हीच लिहिलंत आणि त्याच वाक्यात ते बाजूलाही सारलंत. तीन वर्षं फार होतात ती कुणाला? तिला तर नाही. दागिने ठेवून ८५ हजार उभे करायची तुमची तयारी आहे, म्हणजे तिच्या शिक्षणावर खर्च करायला तुमची ना नाही. ना आहे ती तीन वर्षांना. लग्न ठरेपर्यंत मुलगी घरात बसलेली दिसू नये, बायोडेटात एक ओळ वाढावी, म्हणून असे कोर्स लावले जातात. मुलगी ते पूर्णही करते, आणि लग्नानंतर त्या कागदाला कुणी विचारत नाही. तुमचं प्रेम खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण जिला नेमकं काय शिकायचंय ते ठाऊक आहे, तिच्या हाती भलतंच काही देणं हा अन्याय आहे, आणि तो थांबवणं आज तुमच्या हातात आहे. स्थळं बघायची तर बघा. ‘मुलगी लॉ पूर्ण करणार आहे’ हे पहिल्याच बैठकीत सांगा. ज्यांना ते चालत नाही, ते तिथेच कळलेलं बरं.

आता त्या कोर्सबद्दल. अमेरिकेत पॅरालीगल हा खरोखरच वेगळा पेशा आहे. वकिलाच्या देखरेखीखाली ही माणसं मसुदे, कागदपत्रं, संदर्भ बघतात. ते चित्र दाखवून इथे कोर्स विकले जातात. आपल्याकडे अशी मान्यताप्राप्त पायरीच नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ नुसार वकिलीचा अधिकार बार कौन्सिलकडे नोंदणी झालेल्या वकिलांनाच आहे, त्यामुळे ‘कोर्टात काम करता येईल’ या वाक्याचा अर्थ त्या संस्थेकडून लेखी मागा. वकिलाच्या ऑफिसात तारखा, नकला, फायली सांभाळणारे कारकून असतात, पण ते काम तिथेच बसून शिकतात, त्यासाठी कुणी ८५ हजार भरत नाही. पुण्या-मुंबईत कायदेविषयक कागदपत्रांचं काम करणाऱ्या कंपन्या आहेत. तिथे रांगेत एलएलबी झालेली मुलं उभी असतात, आणि नुसतं सर्टिफिकेट घेऊन गेलेली मुलगी त्यांच्या मागेच राहणार.

आणखी एक गल्लत होते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ‘पॅरा लीगल व्हॉलंटिअर’ नेमतं. त्याचं प्रशिक्षण मोफत असतं, कामाच्या दिवसांचं मानधन मिळतं, पण ती नोकरी नव्हे. गरजूंना मोफत कायदेशीर मदतीपर्यंत पोहोचवण्याचं हे काम फार मोलाचं आहे आणि कायद्याचे विद्यार्थीही ते करू शकतात. तिला कायद्याची आवड आहे ना, मग लातूरच्या जिल्हा न्यायालयात जाऊन चौकशी करू द्या. एकटीला जाऊ द्या. नुसतं ज्ञान हवं असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा डिप्लोमा याच्या मानाने फारच स्वस्त आहे.

एलएलबीचा रस्ता सरळ आहे : तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी, मग प्रवेश, खुल्या प्रवर्गालाही पदवीला ४५ टक्के पुरतात, तिला ५८ आहेत. लातुरातच विधी महाविद्यालय आहे, त्यामुळे जिल्ह्याबाहेर ठेवण्याचा प्रश्नही नाही. खर्चाचं म्हणाल तर ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय वाचा. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. कॉलेजच्या ऑफिसात या शासन निर्णयाचं नाव घेऊन विचारा आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. तीन वर्षांची खरी फी किती पडते ते कळलं की ८५ हजारांच्या आकड्याकडे पुन्हा बघा.

राहिले ते पाच हजार. ते गेले म्हणून उरलेले ८० हजार त्यांच्यामागे पाठवू नका. प्रवेश रद्द करत असल्याचा ईमेल आजच करा, पावती जोडा, पैसे परत मागा. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवा. नोकरीचं आश्वासन मोबाइलवर मेसेजने आलं असेल तर तो मेसेज पुसू नका, तक्रारीत तो लागेल.