ठिसूळ हाडांचं नातवंड आणि आजी-आजोबांचे हात

'ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा' म्हणजे जन्मतःच हाडं ठिसूळ असण्याचा आजार. बोलताना त्याला सगळे 'ओआय' म्हणतात. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला तो असतो. या विषयावर आलेल्या पत्रांमध्ये आई-बाबांपेक्षा आजी-आजोबांची पत्रं जास्त निघाली, म्हणून आजचं सदर त्यांच्यासाठी. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे उत्तरांमध्ये औषधांपेक्षा हाताळणीबद्दल जास्त लिहिलंय.

प्रश्न : माझा नातू चौदा महिन्यांचा आहे. दोनदा मांडीचं हाड मोडलं. तो मला बघून हात पसरतो आणि मी सुनेला हाक मारते. मला त्याला उचलायचीच भीती वाटते. काय करू? – एक आजी, सातारा

आजी, तुमची भीती खरी आहे. पण त्याला आपल्या हाडांबद्दल काही कळत नाही. आपण हात पसरले की आजी मागे सरते, एवढंच त्याला दिसतं. म्हणून उचलायची रीत शिकून घ्या. ती दोन-तीन दिवसांत जमते. सून शेजारी असताना, पलंगाच्या मधोमध, आधी मोठ्या बाहुलीवर सराव करा आणि मग त्याच्यावर.

आधी हातातल्या बांगड्या आणि अंगठ्या काढा, पदर खोचून घ्या. त्याच्याशी बोला, "आता उचलते हं" असं सांगा, म्हणजे तो दचकून अंग ताठ करणार नाही. एक हात कुल्ल्यांखाली सरकवा आणि बोटं शक्य तितकी फाकवा. दुसरा हात खांदे, मान आणि डोकं यांच्याखाली, बोटं तशीच फाकलेली. सगळा भार तळव्यांवर पसरला पाहिजे, एका बोटाचा दाब एका जागी पडता कामा नये. मग दोन्ही हात एकदम, सावकाश वर आणा आणि त्याला अंगाशी घ्या. घेताना त्याचा हात किंवा पाय तुमच्या आणि त्याच्या अंगामध्ये अडकलेला नाही ना, हे प्रत्येक वेळी बघा.

आपण सगळेच मुलाला काखेत हात घालून वर घेतो. याच्या बाबतीत ते बंद, कारण तिथे फासळ्यांवर दाब येतो. मनगटाला धरून उठवायचं नाही. लंगोट किंवा डायपर बदलताना दोन्ही घोटे धरून पाय वर करायचे नाहीत. कुल्ल्यांखाली हात घालून कंबर जराशी उचलायची, किंवा त्याला अलगद कुशीवर वळवायचं.

झबलं घालताना त्याचा हात बाहीत कोंबू नका. बाही आधी तुमच्या मनगटावर चुण्या करून घ्या, बाहीच्या तोंडातून तुमचा हात आत घाला, त्याची अख्खी मूठ तुमच्या मुठीत घ्या आणि मग बाही त्याच्या हातावर सरकवा. त्याचा हात जागचा हलत नाही, कापड हलतं. पुढून उघडणारी, सैल, बंदाची किंवा वेलक्रोची झबली शिवून घ्या. हे काम तुमच्या पिढीच्या आज्या आमच्यापेक्षा सुबक करतात.

आणि सगळी माया उचलण्यातच नसते. तुम्ही खाली सतरंजीवर भिंतीला टेकून बसा, मांडीवर उशी ठेवा आणि सुनेला त्याला तुमच्या मांडीवर द्यायला सांगा. बोटांचे खेळ, गोष्टी, वरण-भात भरवणं हे सगळं तिथेच होतं. पाहुण्यांना मात्र स्पष्ट सांगा की वर उडवायचं नाही, हात ओढून नाचवायचं नाही. हे सांगायला सुनेला अवघड जातं. तुम्ही सांगितलंत तर कुणी वाईट वाटून घेणार नाही.

प्रश्न : नातीला ओआय आहे असं कळल्यापासून घरात दोष कुणाचा यावरच बोलणं चालतं. पत्नी म्हणते, सुनेने ग्रहण पाळलं नाही. सून म्हणते, मालीशवाल्या बाईने पाय ओढले म्हणून झालं. खरं कारण काय? – एक आजोबा, नाशिक जिल्हा

ग्रहणाचा काहीही संबंध नाही. मालीशने हा आजार होत नाही. पत्नीलाही आणि सुनेलाही हे एकत्र बसवून सांगा.

हाडात चुनखडीसारखे क्षार असतात आणि त्यांना धरून ठेवणारं कोलॅजेन नावाचं प्रथिन असतं. स्लॅबमध्ये सिमेंट असतं आणि आत सळ्या असतात, तसंच हे. ओआयमध्ये सळ्या कमी तरी पडतात किंवा वाकड्या तरी घडतात. बहुतेक मुलांत, म्हणजे जवळपास ८५ ते ९० टक्क्यांत, कोलॅजेन घडवणाऱ्या दोन जनुकांपैकी एकात बदल झालेला असतो. बऱ्याचदा हा बदल त्या बाळातच पहिल्यांदा झालेला असतो. आई-वडील दोघेही निरोगी असतात. तो कुणी केलेला नसतो आणि कुणाला टाळताही आला नसता.

काही घरांत मात्र आजार सौम्य रूपात आधीपासून असतो. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर असणं, दात पिवळट-करडे आणि झिजणारे असणं, तरुणपणीच ऐकू कमी येणं, लहानसहान पडण्यात हाड मोडलेलं असणं, असं दोन्हीकडच्या नात्यांत कुणाला होतं का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. आई किंवा वडिलांना आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. मामाच्या मुलीशी वगैरे नात्यात लग्न झालं असेल तर तेही लपवू नका, कारण काही दुर्मीळ प्रकार आई-वडील दोघांकडून आलेल्या जनुकांमुळे होतात आणि त्यात पुढच्या प्रत्येक बाळाला चारात एक शक्यता असते. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी जनुकीय समुपदेशन घ्यायला मुलाला आणि सुनेला पाठवा. नातीच्या जनुकातला बदल तपासणीत सापडला, तर पुढच्या गरोदरपणात तिसऱ्या महिन्यातच तपासणी करता येते.

मालीशीबद्दल सुनेचं एवढंच खरं आहे की ओआय असलेल्या बाळाचे हातपाय ताणले, उलटसुलट ओलांडले किंवा त्याला पायाला धरून लोंबकळवलं तर हाड मोडू शकतं. त्या बाईला कल्पना नव्हती. आता ती मालीश बंद. तळव्याने हलकं तेल लावा, हाडं चोळू नका, ताणू नका.

प्रश्न : अडीच वर्षांच्या नातवाला मी कुशीवर वळवत होते आणि 'कट' असा आवाज आला. दंडाचं हाड मोडलं. दोन महिने झाले, सून तोंडाने काही बोलत नाही, पण त्याला माझ्याजवळ एकटं ठेवत नाही. तो "आजी, आजी" करतो. मला स्वतःचीच शरम वाटते. – एक आजी, ठाणे

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

या आजारात हाड आईच्या हातून मोडतं, नर्सच्या हातून मोडतं, एक्स-रे काढताना मोडतं. मूल झोपेत आपलं आपण वळतं तेव्हाही मोडतं. तुम्ही सगळं बरोबर केलं असतं तरी त्या दिवशी ते हाड मोडलं असतं, ही शक्यता अगदी दाट आहे. तुम्ही त्याला सांभाळत होतात, म्हणून ते तुमच्या हातात असताना मोडलं.

सुनेच्या बाजूने पाहिलं तर तिची मजल रागापर्यंत गेलेली नसावी असं मला वाटतं. ती घाबरली आहे, आणि तुम्हाला आणखी दुखवायला नको म्हणून बोलत नाही. गप्प राहिल्याने दोघींचाही त्रास वाढतोय. तुम्हीच सुरुवात करा. क्षमा मागण्यापेक्षा "मला तू कसं वळवतेस ते दाखव" असं म्हणा. तिने तिची रीत तुम्हाला शिकवली की तुमच्या हातांवरचा तिचा विश्वास हळूहळू परत येतो. एकाच कामापासून सुरू करा, सकाळचं दूध पाजणं किंवा संध्याकाळचे कपडे बदलणं. पहिले काही दिवस ती समोर असू दे, मग शेजारच्या खोलीत.

पुढच्या वेळी काय करायचं हे दोघींना पाठ असेल तर भीती निम्मी होते. त्याने हात किंवा पाय हलवणं थांबवलं, हात लावला की किंचाळला, जागा सुजली किंवा गरम लागली, तर हाड मोडलं आहे असंच धरायचं. अवयव सरळ करायचा नाही, चोळायचा नाही, हाडवैद्याकडे न्यायचं नाही. आहे त्याच स्थितीत खाली घडी केलेला पुठ्ठा किंवा जाड मासिक ठेवा, आजूबाजूला मऊ कापड भरा आणि जुन्या सुती साडीच्या पट्टीने सैलसर बांधा. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं दुखण्याचं औषध किती द्यायचं, ते फ्रिजवर चिकटवून ठेवा. त्याला काही खायला-प्यायला देण्याआधी डॉक्टरांना फोन करा, कारण भूल द्यावी लागू शकते.

डॉक्टरांचं पत्र नेहमीच्या पिशवीत हवंच : आजाराचं नाव, आधीची फ्रॅक्चर, चालू औषधं. नवख्या रुग्णालयात एवढ्या लहान मुलाची इतकी फ्रॅक्चर पाहून घरात मारहाण होते का अशी शंका घेतली जाते, आणि ती घेणं त्यांचं कामच आहे. पत्र असलं की तो प्रसंग टळतो. तिथल्या माणसांनाही सांगा की हात ओढू नका, रक्तदाबाचा पट्टा आवळू नका. मोठ्या आवाजात सांगितलंत तरी चालेल.

त्याच्याबद्दल एक गोष्ट. अडीच वर्षांचं मूल बोलून दाखवत नसलं तरी कुठे दुखतं आणि कसं धरलेलं बरं वाटतं, हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. हात लावण्याआधी त्याला विचारा, "आधी कुठला हात?" तो दाखवेल. तीन-चार वर्षांची अशी मुलं नव्या नर्सला स्वतः सांगताना मी पाहिली आहेत की मला असं नाही, असं उचला. ही सवय त्याला घरातच लागते, आणि ती लावायला आजीइतका निवांत वेळ कुणाकडे असतो?

प्रश्न : आम्ही त्याला पलंगावरून उतरूच देत नाही. फिजिओथेरपिस्ट मात्र उभं करा म्हणतात. ज्याची हाडं मोडतात त्याला उभं का करायचं? – आजी-आजोबा, कोल्हापूर

कारण भार न पडलेलं हाड आणखी पातळ होतं आणि न वापरलेले स्नायू आणखी सैल पडतात. मग पुढचं फ्रॅक्चर आणखी सहज होतं. प्लास्टरही गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवत नाहीत, ते याचसाठी. पलंगावरून पडण्याचा धोका तर आहेच, त्यापेक्षा जमीन बरी. ओली फरशी, चपला, विखुरलेली खेळणी बाजूला करून जाड सतरंजीवर त्याला सरपटू द्या, बसू द्या. उभं कधी आणि कशाच्या आधाराने करायचं ते मात्र त्याच्या डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टने ठरवलं तसंच. काही मुलांच्या मांडीच्या हाडात मुलाबरोबर लांबत जाणारी सळई बसवल्यावरच ते जमतं.

चाकांचा वॉकर आणू नका. टबात कोमट पाणी घेऊन त्याला बसवा. पाण्यात अंग हलकं होतं आणि जे जमिनीवर जमत नाही ते तो तिथे करतो. टबाच्या तळाशी रबरी चटई हवी, आणि आजोबांनी तिथून क्षणभरही हलायचं नाही.

प्रश्न : नाचणी, डिंक, पायाचं सूप, कांडवेल यांतलं काय दिलं तर हाडं घट्ट होतील? – एक आजी, सोलापूर

यातल्या कशानेही आजार जात नाही. नाचणी जरूर द्या, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. दूध, दही आणि ऊनही हवं. सुपातलं कोलॅजेन पोटात पचून जातं, ते हाडात जाऊन बसत नाही. कांडवेल किंवा कुठलंही भस्म डॉक्टरांना न विचारता नको. कॅल्शियमच्या गोळ्याही मनाने वाढवू नका, मूत्रपिंडावर ताण येतो. तुपातले लाडू कमीच बरे, कारण वाढलेलं वजन याच हाडांना पेलायचंय. बद्धकोष्ठ या मुलांना बऱ्याचदा होतो, म्हणून पाणी आणि फळं भरपूर द्या.

प्रश्न : नातवाला सलाइनमधून हाडांचं औषध देणार आहेत. शेजारी म्हणतात ताप येतो. मलाही डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झाल्याचं सांगितलंय. मी त्याला सांभाळू शकेन का? आणि खर्चाचं काय? – एक आजी, डोंबिवली

ते बहुधा पॅमिड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिड असेल. लहान मुलांना ओआयमध्ये ते सलाइनमधून देण्याची पद्धत १९९८ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रिअलच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या कामानंतर जगभर रुळली. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येते, पुढच्या वेळी बहुधा नाही. त्या दिवसांत त्याला जास्त न हलवता जवळ बसा. रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आधी तपासलंय ना, एवढं मुलाला विचारून घ्या.

तुमच्या हाडांसाठीही याच गटातलं औषध वापरतात, त्यामुळे स्वतःचा इलाज पुढे ढकलू नका. त्याला कडेवर घेऊन चालणं, जिना चढणं हे तुम्ही करू नका. तुम्ही पडलात तर दोघांनाही लागेल. बसून होतील ती सगळी कामं तुमची. घरात दुसरं कुणी नसेल त्या वेळी तो जमिनीवरच्या गादीवर असू दे, म्हणजे उचलायची वेळच येणार नाही.

खर्चासाठी, २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ओआय आणि त्यावरचं हे औषध दोन्ही आहेत. मुंबईत परळचं केईएम रुग्णालय त्या धोरणातलं केंद्र आहे. मुलाला तिथे चौकशी करायला सांगा. हालचालीवर कायमचा परिणाम असेल तर दिव्यांगत्वाच्या यूडीआयडी कार्डासाठीही अर्ज करता येतो. सगळे एक्स-रे तारखेप्रमाणे एका फायलीत लावून ठेवा, तिथे पहिल्यांदा तेच मागतात.