मृत्यूची नोंद कोणत्या वर्गात झाली, हे आधी लेखी मागा

ताई, आपल्या मावसबहिणीचे यजमान सैन्यात हवालदार होते आणि उत्तर सीमेवरच्या उंच ठाण्यावर हिमस्खलनात त्यांचा मृत्यू झाला, त्यांना चार वर्षांची मुलगी आहे, सासर सातारा जिल्ह्यात आहे आणि राहते घर कोपरखैरण्यात आहे, असे आपण लिहिले आहे. आधी कोणत्या कार्यालयात जावे, काय काय मिळते आणि सासू-सासऱ्यांचा हिस्सा कसा ठरतो, असे आपले प्रश्न आहेत. मी सैन्यात क्लार्क होतो आणि निवृत्तीनंतर ठाणे परिसरातील अशा कुटुंबांच्या कागदपत्रांचे काम पाहत आलो आहे, त्यामुळे माहीत आहे ते सविस्तर लिहितो. आपल्या घरावर कोसळलेल्या दुःखाची मला जाणीव आहे, तरीही काही कामे वेळेवर व्हायला हवीत.

सर्वांत आधी युनिटकडून आणि रेकॉर्ड ऑफिसकडून, म्हणजे जवानांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाकडून, एक गोष्ट लेखी मागावी : मृत्यूची नोंद ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाई किंवा मोहिमेतील हानी) म्हणून झाली आहे की ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ (सेवाकाळातील इतर हानी) म्हणून? पुढे मिळणारी जवळजवळ प्रत्येक रक्कम या एका नोंदीवर अवलंबून असते. शत्रूच्या कारवाईत, अतिरेक्यांशी लढताना किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या मोहिमेत मृत्यू झाला, तर उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन लागू होते आणि ते शेवटच्या गणनीय वेतनाइतके (निवृत्तिवेतनासाठी धरल्या जाणाऱ्या पगाराइतके), म्हणजे पूर्ण शंभर टक्के असते. मृत्यू सेवेशी निगडित आहे पण या वर्गात बसत नाही, असे ठरले तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि ते साठ टक्के असते. सेवेशी संबंधच नाही असे ठरल्यास साधारण कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्याचा मूळ दर तीस टक्के असून सेवेत मृत्यू झाल्यास पहिली दहा वर्षे तो पन्नास टक्के राहतो. समजा, गणनीय वेतन 45,000 रुपये असेल, तर पहिल्या वर्गात 45,000, दुसऱ्यात 27,000 आणि तिसऱ्यात दहा वर्षांनंतर 13,500 रुपये हाती येतील. महागाई भत्ता यावर वेगळा मिळतो. हा फरक आयुष्यभर राहतो. शिवाय हिमस्खलनासारख्या घटनेत ही नोंद नेमकी कशी होईल, हे ते सीमाठाणे कोणत्या मोहिमेखाली होते आणि त्या वेळी जवान कोणत्या कामावर होता, यावर ठरत असल्यामुळे कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या (लष्कराच्या अंतर्गत चौकशीच्या) निष्कर्षाची प्रत मागणे हा आगाऊपणा आहे असे कुटुंबाने मुळीच समजू नये.

केंद्राचे सानुग्रह अनुदानही अशाच वर्गवारीने ठरते. 1 जानेवारी 2016 पासूनच्या दरांनुसार कर्तव्यावरील अपघातात 25 लाख, सीमेवरील चकमकीत तसेच ठरावीक उंचावरच्या आणि दुर्गम सीमाठाण्यांवर कर्तव्य बजावताना मृत्यू झाल्यास 35 लाख, तर युद्धातील शत्रूच्या कारवाईत 45 लाख रुपये मिळतात. त्या सीमाठाण्याचे नाव अशा ठाण्यांच्या यादीत आहे का, हे युनिटचे प्रशासन पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणजे अ‍ॅडज्युटंटना थेट विचारावे. बॅटल कॅज्युअल्टी असल्यास सशस्त्र दलांच्या युद्धहानी कल्याण निधीतूनही मदत मिळते. ती पुढे दोन लाखांवरून आठ लाख करण्यात आली. महाराष्ट्र शासनानेही आपली मदत 2019 मध्ये 25 लाखांवरून एक कोटीपर्यंत वाढवली, पण ती प्रत्येक सेवेतील मृत्यूला लागू होत नाही. तिथेही हीच नोंद आणि महाराष्ट्राचा अधिवास पाहिला जातो.

आता कार्यालयाचा प्रश्न. कोपरखैरणे, ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, म्हणून तिथे राहणाऱ्यांसाठी ठाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल हा भाग मात्र रायगड जिल्ह्यात असल्याने तिथल्या कुटुंबांना अलिबागला जावे लागते, आणि ‘नवी मुंबई’ असे एकच नाव असल्यामुळे कित्येकांची पहिली फेरी वाया जाते. आपल्या बाबतीत आणखी एक पेच आहे. जवानाच्या सेवापुस्तकात गावचा पत्ता असणार, त्यामुळे रेकॉर्ड ऑफिसची पत्रे साताऱ्याच्या कार्यालयाकडे जातील. माथाडी आणि इतर कामांसाठी साताऱ्याहून येऊन इथे स्थायिक झालेल्या अनेक घरांत हे घडते. यावर माझा सल्ला असा की आधी साताऱ्याच्या कार्यालयात नोंद आणि वीरपत्नीचे ओळखपत्र करून घ्यावे, राज्याच्या मदतीचा प्रस्ताव तिथूनच जाऊ द्यावा, आणि नंतर ती नोंद ठाण्याला हस्तांतरित करून घ्यावी. दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज केल्यास फाइल अडकते.

रेकॉर्ड ऑफिस रेजिमेंटनुसार वेगळे असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला आहे. तिथे विवाह आणि मुलीचा जन्म पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानाच्या वैयक्तिक नोंदींच्या अधिकृत आदेशात) प्रसिद्ध झाला आहे का, हे तपासावे. नोंद राहिली असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि जन्मदाखला तातडीने पाठवावा, कारण नावातील एका अक्षराच्या फरकानेही स्पर्श या संरक्षण निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीवर निवृत्तिवेतन सुरू व्हायला विलंब होतो. आधार, बँक पासबुक आणि सेवापुस्तक या तिन्ही ठिकाणी नाव एकसारखे असावे.

गट विमा आणि भविष्य निर्वाह निधी जवानाने नोंदवलेल्या नॉमिनींना, त्याने लिहिलेल्या हिश्श्यानुसार मिळतो. तो हिस्सा कोणाच्याही सांगण्यावरून बदलत नाही. पगाराचे खाते ज्या बँकेत होते, तिथेही अवश्य जावे. संरक्षण वेतन पॅकेजच्या खात्यांवर बहुधा अपघाती विमा असतो आणि त्याचा दावा मुदतीत करावा लागतो. हा पैसा केवळ कोणी मागितला नाही म्हणून राहून जातो, याचे मला फार वाईट वाटते.

सासू-सासऱ्यांबद्दल मी स्पष्ट लिहितो. निवृत्तिवेतनावर पहिला हक्क पत्नीचा आहे. मात्र मुलावर अवलंबून असलेल्या आईवडिलांना तिने काहीच आधार दिला नाही, तर उदारीकृत आणि विशेष कुटुंब निवृत्तिवेतनाची विभागणी करण्याची तरतूद नियमांत आहे. वीरमाता आणि वीरपिता यांनीही मुलगाच गमावला आहे, म्हणून दरमहा ठरावीक रक्कम त्यांच्या खात्यात स्वतःहून पाठवणे मला सर्वांत योग्य वाटते. पण आपल्या मावसबहिणीने भावकीच्या बैठकीत कोऱ्या कागदावर, मुखत्यारपत्रावर किंवा हक्कसोड पत्रावर सही करू नये. पुनर्विवाह केल्यास सगळे थांबेल, अशी भीती मावसबहिणीला कोणी घातली असेल, तर तीही खरी नाही. मुलीचा सांभाळ त्याच करत राहिल्यास उदारीकृत निवृत्तिवेतन पुढे सुरू राहते. अवघ्या काही आठवड्यांपूर्वी पती गमावलेल्या बाईसमोर हा विषय कोणी काढूच नये, असे मात्र मला मनापासून वाटते.

टक्केवारी घेऊन ‘सगळे करून देतो’ म्हणणाऱ्या माणसाला आपण भेटल्याचे लिहिले आहे. त्याला एकही मूळ कागद देऊ नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात या कामाला पैसे लागत नाहीत, आणि ओटीपी विचारणारा कोणीही आपला हितचिंतक नसतो.

मुलीच्या शिक्षणासाठी बॅटल कॅज्युअल्टीच्या पाल्यांना शिक्षण आणि वसतिगृह शुल्काची सवलत आहे. जुलै 2017 मध्ये तिच्यावर महिना 10,000 रुपयांची मर्यादा आली होती, ती मार्च 2018 मध्ये मागे घेण्यात आली. शाळेच्या पावत्या पहिल्या वर्षापासून जपाव्यात. ईसीएचएसचे, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, कार्डही लगेच काढावे. युद्धविधवांना त्याची वर्गणी भरावी लागत नाही.

वर्गवारी चुकीची वाटल्यास आदेशाची प्रत हाती येताच अपील करता येते आणि तिथे न्याय न मिळाल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. अपिलाला मुदत असते, म्हणून पाकीट कोणत्या दिवशी मिळाले, हे त्यावरच लिहून ठेवावे. युनिटकडून पहिले पत्र आले असल्यास त्यातील वर्गवारीची ओळ मला कळवा. नाव आणि सेवा क्रमांक मात्र इथे लिहू नका.