गाडीची बॅटरी परत जोडल्यावर मीटर वेडावाकडा का वागतो?

प्रश्न: हिवाळाभर बॅटरी काढून ठेवली होती. जोडल्यावर घड्याळ 1:00, ट्रिप (एका फेरीचे किलोमीटर) शून्य, आरपीएमचा (इंजिनाच्या वेगाचा) काटा शून्याच्या वरच. मीटर गेला का?

उत्तर: बहुधा नाही. बऱ्याच गाड्यांत घड्याळ आणि ट्रिपला सतत करंट लागतो, तो तुटला की ते पुसले जातात. एकूण किलोमीटर वेगळ्या मेमरीत असतात, त्यामुळे टिकतात. काटा स्टेपर मोटरवरचा (ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या छोट्या मोटरवरचा) असेल, तर मध्येच वीज गेल्यावर त्याची जागा चुकते. चावी ऑन करा, काटा फेरी मारून खाली येऊ द्या, मगच स्टार्टर दाबा. नाहीच बसला तर चावी बंद करून निगेटिव्ह केबल दहा मिनिटं काढा, पुन्हा जोडा.

स्टार्टर दाबताच डिस्प्ले विझून घड्याळ परत रीसेट होतंय? मग मीटरला दोष देऊ नका. आधी बॅटरीच्या टर्मिनलचे बोल्ट पान्यानं आवळा (हातानं आवळलेले सैल राहतात, हीच नेहमीची चूक). मग मल्टिमीटर लावा: गाडी बंद असताना साध्या लेड-ॲसिड बॅटरीला 12.6 ते 12.8 व्होल्ट हवेत. स्टार्ट करताना 9.5 च्या खाली घसरली तर पूर्ण चार्ज करून पुन्हा तपासा.

पेट्रोलचा काटा हलत नसेल तर टाकीतला फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा भाग) बघा. जुन्या पेट्रोलच्या चिकट्यानं तो अडकतो.